शाळेच्या स्मारिकेत हे लिहू की नको? पत्रलेखनाचा एक जुना घोळ

खाडीअलीकडची

नमस्कार मंडळी, एक सल्ला हवाय आणि तो मागायचा तर आधी अख्खा किस्सा सांगावा लागेल, मोठा आहे, सवडीने वाचा.

आमच्या गावच्या शाळेला पुढच्या वर्षी शंभर वर्षं होतायत. गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या अगदी दक्षिण टोकाला, समोर विजयदुर्गची खाडी, पलीकडे दिसतो तो सिंधुदुर्ग जिल्हा. तर शाळेची स्मारिका निघतेय आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फर्मान आलंय की प्रत्येकाने तीनशे शब्दांत एक आठवण द्यायची. बाकीचे झेंडावंदनाच्या लिमलेटच्या गोळ्या, गळकी कौलं, गुरुजींची छडी वगैरे देऊन मोकळे झाले. माझ्याकडून मात्र सगळ्यांना एकच हवंय, अबकची गोष्ट.

साल १९९१, मी पाचवीत. बाईंनी पत्रलेखन घेतलं. नुसतं वहीत नाही, प्रत्येकाने पोस्टातून खरं कार्ड आणायचं, तेव्हा पिवळं कार्ड पंधरा पैशांना मिळायचं, कारण पत्ता कुठे, मजकूर कुठे, पिनकोडच्या सहा चौकोनांत काय भरायचं हे कार्ड हातात असल्याशिवाय पोरांना कळत नाही असं बाईंचं मत. विषय गाईडमधला, एसटीच्या वाहकाने प्रवाशांशी केलेल्या गैरवर्तनाबद्दल आगार व्यवस्थापकांकडे तक्रार करा. खाली स्वतःचं नाव घालायचं नाही, अ.ब.क. लिहायचं. आणि बाई म्हणाल्या की पत्र खरं वाटलं पाहिजे, तारीख वार वेळ मार्ग सगळं आलं पाहिजे.

आता आमच्या गावात गाडी यायची एकच, वस्तीची. तिन्हीसांजेला येऊन तरीवर, म्हणजे होडी लागते तिथे, उभी राहायची आणि पहाटे पाच-साडेपाचला सुटायची. ड्रायव्हर गाडीतच मच्छरदाणी लावून झोपायचा आणि कंडक्टर काका आमच्या पडवीत, कारण तरीला लागून पहिलं घर आमचंच. काका घाटावरचे, कोल्हापूरकडचे. आल्यावर आधी चटईवर चार आणे, आठ आणे, रुपया असे ढीग लावून कॅश मोजायची, वेबिल भरायचं, मग आई वाढेल ते जेवायचं, कुळथाची पिठी त्यांना पहिल्यांदा दिली तेव्हा हे औषध आहे का विचारलेलं, नंतर स्वतः मागून घ्यायचे. मला संपलेल्या तिकिटांच्या गड्ड्या द्यायचे आणि पंच करायला द्यायचे. त्यांच्यासारखा माणूस नाही. पण बाईंनी सांगितलेलं खरं वाटलं पाहिजे, मला खरी गाडी तीच माहीत आणि खरा कंडक्टर तोच माहीत, म्हणून मी गाईडमधलं सगळं त्यांच्या नावे लिहिलं. उद्दाम बोलतात, सुटे पैसे परत देत नाहीत, वृद्ध प्रवाशांना थांबा येण्याआधीच उतरवतात. बिल्ला नंबरसुद्धा घातला. रोज डोळ्यासमोर असायचा, पाठच होता.

पुढचं नीट सांगते, ग्यानबाची मेख तिथेच आहे. आदल्या वर्षी मी चौथीच्या स्कॉलरशिपला बसलेले आणि ते पेपर तपासायला बाहेर जातात हे मला माहीत होतं. म्हणजे महत्त्वाचं लिखाण बाई तपासत नाहीत, बाहेर पाठवतात. आणि इथे तर कुणाकडे पाठवायचं तो पत्ता बाईंनीच फळ्यावर लिहून दिलेला, पिनकोडसकट! तेव्हा मी असं धरून चालले की हे पत्र आगार व्यवस्थापक तपासणार आणि दहापैकी मार्क घालून बाईंकडे पाठवणार. त्यात दुसऱ्या दिवशी व्हाळाला पाणी आलं, साकव बुडाला, बाई येऊच शकल्या नाहीत. उशीर झाला तर मार्क कापतील म्हणून मी दुपारी छत्री घेऊन गेले आणि दुकानाच्या भिंतीवरच्या लाल पेटीत कार्ड टाकून आले. घरी बोलले नाही, बोलण्यासारखं काय होतं त्यात, अभ्यासच तर केलेला.

मग काही दिवसांनी काका यायचे बंद झाले. बदलीवर दुसराच कंडक्टर, तो कुणाशी बोलायचा नाही. मला काहीच टोटल लागली नाही. मग एका संध्याकाळी काका परत आले, जेवले, हात धुतले आणि खिशातून घडी घातलेला कागद काढून बाबांपुढे ठेवला. "दादा, ह्यो अ.ब.क. कोन हाय गावात? म्या काय वाकडं केलंय त्येचं?"

कागद म्हणजे माझ्या कार्डाची झेरॉक्स.

आजी म्हणाली खालच्या वाडीत मुंबईहून कोणीतरी नवीन आलाय तोच असणार. बाबांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले हा कुणीतरी चांगला शिकलेला माणूस दिसतोय, भाषा बघा, 'उद्दाम व बेजबाबदार वर्तन'. खोटं कशाला बोलू, इतका पोटात गोळा आलेला असतानाही ते ऐकून मला क्षणभर बरं वाटलं. मग आईने कंदील जवळ घेऊन बघितलं आणि फक्त एवढंच म्हणाली की असा 'ळ' या गावात एकच जण काढतं.

पुढचं काय सांगू. रडारड, ओकारी, सगळं. सकाळी मुख्याध्यापकांनी शाळेच्या लेटरहेडवर खुलासा लिहून दिला, बाबा तो घेऊन काकांच्याच गाडीने आगारात निघाले आणि काकांनी त्यांना तिकीट फाडलं, म्हणे आता तर घ्याच दादा, माझ्यावर तक्रार हाय. बाईंनी त्यानंतर पत्रलेखन कायमचं वहीत घेतलं. आणि काका गाव सुटेपर्यंत मला अबक म्हणायचे, वर्गातले अजून म्हणतात.

तर प्रश्न असा. काका रिटायर होऊन गावी असतात आणि शताब्दीला त्यांना बोलवायचं ठरतंय. ते स्टेजवर बसलेले, लोकांच्या हातात स्मारिका आणि त्यात छापलेलं की यांच्यावर तक्रार झाली होती, माझ्यामुळे यांची ड्युटी गेली होती. जुन्या लोकांना माहीत आहे पण नव्या सुना, नवी पोरं काय समजतील? लिहू की नको? आणि तुमच्यात कुणी असा घोळ घातला असेल तर तोही सांगा, मला जरा सोबत होईल.

तिरफळ

अगो बाय, माका हसान हसान पोटात दुखाक लागला. बिल्ला नंबर घातलंस!! असा 'खरा वाटणारा' पत्र खयच्या गाईडात गावाचा नाय.

मी वेंगुर्ल्याचो. माझं वेगळंच. दुसरीत असताना गुरुजींनी सांगितलं रोज एक पान शुद्धलेखन काढायचं. आमच्या घरात आजीचं सोवळं कडक, शुद्ध म्हणजे काय ते मला गुरुजींच्या आधी आजीने शिकवलेलं, पारोसा कुठे शिवायचं नाही, अंघोळ झाल्याशिवाय देवाच्या खोलीत पाय नाही. त्यामुळे मी रोज अंघोळ करून, ओल्या केसांनी, देवाकडे तोंड करून शुद्धलेखन काढायचो आणि पेन्सिल वेगळी ठेवायचो, गणिताला ती वापरायची नाही. आजीला कौतुक, नातू किती शिस्तीचा. मग मला आठवडाभर ताप आला. शाळेत गेलो तर गुरुजींनी विचारलं शुद्धलेखन कुठाय, मी म्हटलं, गुरुजी ताप होता, पारोसा होतो. गुरुजी काही बोललेच नाहीत, बाजूच्या वर्गातल्या गुरुजींना बोलवून आणलं आणि मला परत सांगायला लावलं.

तुझ्या प्रश्नाचं म्हणशील तर बिनधास्त लिही. गाव हसेल, काका हसतील. आता तीस वर्षं होऊन गेली.

फळा_आणि_डस्टर

मी देवगड तालुक्यात प्राथमिक शिक्षिका आहे आणि मला तुमच्या बाईंचंच वाईट वाटतंय. खरं कार्ड आणून शिकवणं ही इतकी चांगली पद्धत, आणि एका कार्डाने ती कायमची बंद पडली. बाकी अ.ब.क. का, तर पेपर तपासणाऱ्याला मूल कुठलं, कुणाचं हे कळू नये म्हणून. पण हे कारण मुलांना कुणी सांगत नाही, त्यांना वाटतं पत्र असंच लिहितात. दहावीला २०१९ पासून कृतिपत्रिका आली तेव्हापासून पत्राच्या मायन्यात ई-मेल आयडीसुद्धा असतो, आणि वरच्या वर्गाला शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीकडे एकाने खरंच मेल पाठवून झालाय, कुठल्यातरी रोपवाटिकेला, दोनशे कलमं मागवणारा. त्यांचा भाव कळवणारा फोन घरी आला तेव्हा कळलं.

मुलं चुकतात असं मला वाटतच नाही हो. आपण सांगतो एक आणि मनात धरतो दुसरं. माझ्या वर्गात 'माझा आवडता प्राणी' दिला होता. गाय, कुत्रा, मांजर, सगळ्यांचे तेच ते. एका मुलाने, घरची होडी आहे त्यांची, लिहिलं, "माझा आवडता प्राणी बांगडा आहे. त्याला पाय नसतात. पाऊस संपला की तो स्वस्त होतो. तो तळला की फार छान लागतो पण आई तिरफळं घालून आमटी करते ती मला आवडत नाही. त्याचे आपल्यावर फार उपकार आहेत." शेवटचं वाक्य गाईच्या निबंधातलं, ते पाठ होतं, ते सोडलं नाही पठ्ठ्याने.

आणि 'समुद्रकिनाऱ्यावरील एक तास' हा निबंध तर किनाऱ्यावरच्या शाळेत कुणी देऊच नये. पुस्तकातला तास म्हणजे सूर्यास्त, भेळ, वाळूचा किल्ला. इथल्या पोरांचा तास म्हणजे रापण ओढायला हात लावणे, नाहीतर सकाळी उठून जी गोष्ट करायला जुन्या काळी सगळी वाडी समुद्रावर जायची ती. एकाने आजोबांकडून ऐकून अगदी तपशीलवार लिहिलं होतं, दिशा कुठली बघायची, वारा कुठून आहे ते. मी न वाचता त्याला मोठ्याने वाचायला उभं केलं. पुढे विचारू नका.

संकासूर

किस्सा झकास पण मला एक शंका आहे, रागावू नका. निनावी पोस्टकार्डावरून कोणी कंडक्टरची ड्युटी बदलतं? नाव नाही, पत्ता अर्धवट, अक्षर पाचवीतल्या पोरीचं. माझे चुलते एसटीत वर्कशॉपला होते, अशी कार्डं ढिगाने यायची म्हणे, निम्मी तर ड्रायव्हरच्या भावकीतून. थोडं मीठमसाला लागलाय का इतक्या वर्षांत?

खाडीअलीकडची

@संकासूर मीठमसाला नाही हो, झेरॉक्स मी डोळ्यांनी बघितलीय आणि काका यायचे बंद झालेले तेही अख्ख्या गावाने बघितलंय. ड्युटी कशी बदलतात ते मला माहीत नाही, पण झालं तसं सांगितलं.

@फळा_आणि_डस्टर बांगडा 😂😂 त्याला मार्क किती दिलेत ते सांगा आधी.

@तिरफळ नाव बदल आता.

लालडबा

इथे सगळे हसतायत म्हणून जरा वेगळं बोलतो. माझे वडील कंडक्टर होते, आयुष्यातली निम्मी रात्र वस्तीच्या गावी काढली त्यांनी. कधी देवळात, कधी शाळेच्या व्हरांड्यात, चांगलं गाव असेल तर कुणाच्या पडवीत. तिकिटांचा ट्रे आणि कॅशची बॅग उशाला घेऊन झोपायचं, कारण सकाळी एक रुपया कमी भरला तरी तो स्वतःच्या खिशातून. घरी असले तरी मधेच दचकून उठायचे आणि उशीखाली हात घालून बघायचे. पहाटे गाडी भरणार ती कशाने, तर दुधाचे कॅन, मासळीच्या पाट्या, तालुक्याच्या दवाखान्यात जाणारी बाळंतीण, कोर्टात तारीख असलेले भाऊ, दोघं एकमेकांकडे पाठ करून. हे सगळं सांभाळून त्या माणसाने सुट्ट्या पैशांवरून शिव्या खायच्या. चार आणे नाहीत म्हणून तिकिटाच्या मागे पेनने आकडा लिहून द्यायचे वडील, आणि उतरताना माणूस ते मागायला विसरला तर दुसऱ्या दिवशी शोधून द्यायचे, आम्हाला घरात तेच ऐकवायचे.

त्यांच्यावर एकदा तक्रार झाली होती, खोटीच होती, निकालही त्यांच्या बाजूने लागला. पण रिटायरमेंटच्या दिवशी हारतुरे झाल्यावर घरी येऊन त्यांनी विषय काढला तो त्या तक्रारीचा. म्हणून तीस वर्षं झाली, आता काय, असं मी तरी म्हणणार नाही.

माझं मत, ग्रुपला गंमत वाटते म्हणून छापू नका. आधी काकांना फोन करा. आणि फोनवर "चालेल ना काका?" असं विचारू नका, त्यावर कुठलाही भला माणूस चालेल असंच म्हणतो. लिहून काढा आणि शब्दन् शब्द वाचून दाखवा, मग गप्प बसा आणि ते काय म्हणतात ते ऐका. गोष्ट तुमची आहे तेवढीच त्यांचीही आहे.

चाकरमानी_गुहागर

लालडबा बरोबर बोलले. आता माझं ऐका, मी हे कुठे लिहिलं नव्हतं.

१९८२ च्या जानेवारीत मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी सहावीत. वडील परळला गिरणीत, एका खोलीत गावचेच दहाबारा जण, पाळी बदलली की अंथरूण बदलायचं. घर मनीऑर्डरवर चालायचं आणि संप लागल्यावर ती आधी अर्धी झाली मग कधी यायची कधी नाही. आम्हाला घरात कुणी काही सांगितलं नव्हतं, लहान पोरांना कोण सांगतंय. त्यात शाळेत गुरुजींनी गाईडमधलं ठरलेलं पत्र घातलं, सहलीला जाण्यासाठी वडिलांकडे पैसे मागणारे पत्र लिहा. बाकी पोरांचे वडील गावातच, शेती नाहीतर होडी, त्यांनी वहीत लिहिलं. माझे वडील मुंबईला आणि पत्र लिहायचं वडिलांना, म्हणजे मला वाटलं मलाच सांगितलंय. मुरुड-जंजिऱ्याची सहल, खर्च पन्नास रुपये, सगळं गाईडमधलं जसंच्या तसं उतरवून, आंतर्देशीय घेऊन पाठवून दिलं. सहल वगैरे काही नव्हती. आमच्या शाळेची सहल म्हणजे फार तर हेदवीच्या देवळापर्यंत, चालत.

पन्नास रुपयांची मनीऑर्डर आली. आईला आनंद झाला, मग तिने मनीऑर्डरला खाली संदेशाचा तुकडा असतो तो माझ्याकडून वाचून घेतला. त्यात होतं, सहलीला जा, होडीत उभा राहू नको. आई मला एक शब्द बोलली नाही. पैसे वाण्याच्या उधारीत गेले. गणपतीला वडील आले, बारीक झालेले, जेवताना विचारलं जंजिरा कसा होता. मी म्हटलं मस्त होता, चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याचा तलाव आहे. ते भूगोलाच्या पुस्तकात होतं. आईने ताटात भात वाढला आणि विषय बदलला.

तो संप मिटला असं कुणी कधी जाहीर केलंच नाही, आमच्याकडे तो मिटला म्हणजे वडील गावी येऊन भाताची शेती बघायला लागले. जंजिऱ्याचं त्यांना मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्यामुळे तुमचे काका आहेत, फोन उचलतायत, तर आजच करा. मी तर म्हणतो स्मारिका राहूदे बाजूला.

तिरफळ

चाकरमानी, काय बोलू. माझं बिनधास्त लिही म्हटलेलं मागे घेतो, आधी फोन कर बाय.

फळा_आणि_डस्टर

हे वाचून मी आमच्या पाचवीच्या पत्रलेखनाचा विषय बदलला आत्ताच. सहलीचंच होतं. वर्गात दोघांचे वडील बोटीवर आहेत, चार चार महिने घरी नसतात.

खाडीअलीकडची

मंडळी, फोन केला. थांबा सगळं सांगते.

लालडबांनी सांगितलं तसंच केलं, आधी लिहून काढलं, तीनशे शब्दांचे सहाशे झाले ते सोडा, आणि काकांना म्हटलं मी वाचते तुम्ही फक्त ऐका. आवाज तसाच आहे, फक्त ऐकायला कमी येतं म्हणून सगळं ओरडून वाचावं लागलं, शेजारच्या बाईने खिडकीतून बघितलं काय भांडण झालं म्हणून. कुळथाच्या पिठीपर्यंत हसत होते. पत्राचा मजकूर आला तेव्हा गप्प झाले. आणि मी जेव्हा वाचलं की 'माझ्या पत्रामुळे काकांची ड्युटी बदलली आणि ते आमच्याकडे यायचे बंद झाले', तेव्हा मला थांबवलं.

"ए अबक, थांब थांब. ते खोड. ड्युटी कुनी बदलली न्हवती. धाकटीच्या येळंला बायकोचं बाळंतपन होतं म्हून म्याच रजा टाकलेली."

मी म्हटलं मग ती झेरॉक्स? तर म्हणे रजेवरून आल्यावर साहेबांनी कार्ड दाखवलं, हसत होते, म्हणाले हे पोराचं अक्षर आहे, बघ बरं तुझ्या वस्तीच्या गावात कोण ते, आणि झेरॉक्स काढून हातात दिली. काकांनी पडवीत बसल्या बसल्या माझ्या तोंडाकडे बघितलं तेव्हाच त्यांना कळलेलं. 'माझं काय वाकडं केलंय' हे सगळं नाटक होतं! आणि बाबांना आगारात कशाला नेलंत मग, म्हटलं, तो खुलासा, तो लेटरहेड? तर म्हणाले, "दादा ऐकत्यात व्हय कुनाचं? म्या दोनदा सांगितलं काय बी गरज न्हाई. तवा म्हटलं चला, तिकीट तरी फाडू."

म्हणजे संकासूर, तुमची शंका बरोबर होती, घ्या.

इतकी वर्षं मी धरून बसलेले की त्यांची ड्युटी माझ्यामुळे गेली. आईला फोन करून सांगितलं तर ती म्हणते, मला माहीत होतं ना, बाळंतिणीला डिंकाचे लाडू मीच तर पाठवले होते त्यांच्याबरोबर. अगो मग मला सांगायचंस की! तर म्हणे तू कधी विचारलंस?

काका म्हणाले लिही, पण दोन अटी. एक, माझं नाव नको, नुसतं कंडक्टर म्हण, कारण त्यांच्याकडे सूनबाई शाळेत शिक्षिका आहेत आणि त्या ग्रुपवर टाकतील. दुसरी, सुट्ट्या पैशांचं खोटं होतं हे ठळक अक्षरात पाहिजे. उतरवलं-बितरवलंचं काही वाटलं नाही त्यांना, पण सुटे पैसे परत देत नाही हे त्यांना लागलंय, अजूनही लागलंय, तीनदा बोलले. शताब्दीला येणार आहेत, एसटीनेच, फुकट पास आहे म्हणाले.

आता सहाशेचे तीनशे शब्द करायचेत, कोणी मदत करेल का.

लालडबा

बरं झालं फोन केलात. सुट्ट्या पैशांचं त्यांना लागलं ते मला अगदी कळतं. आमच्याकडे पण तेच असतं. कमी करताना पिठीचं ठेवा आणि कॅशच्या ढिगांचं ठेवा, मुख्याध्यापकांचं सगळं उडवा.

संकासूर

शंका बरोबर आली म्हणून आनंद वगैरे काही नाही हो, पण डिंकाच्या लाडवांवर मी हरलो. आईंना नमस्कार सांगा.

चाकरमानी_गुहागर

छान झालं. ठळक अक्षरात घाला नक्की, समिती खर्चाचं कारण देईल, ऐकू नका.

तिरफळ

सगळा बरा झाला, पण बाई, त्या बांगड्याच्या पोराक मार्क किती दिलात ता अजून सांगूक नाय तुम्ही. आणि तिरफळाची आमटी आवडणा नाय म्हणजे काय??

फळा_आणि_डस्टर

दहापैकी सात. तीन शुद्धलेखनाचे गेले, 'उपकार' त्याने 'ऊपकार' लिहिलेलं. तिरफळाबद्दल कापले नाहीत, मलाही आवडत नाही.